तिथीत एक मिळवा, वेळेत नाही

पालकहो,

सराव परीक्षेचे पेपर घरी गेले त्या संध्याकाळपासून माझा फोन वाजतोय. नागावहून, चौलहून, थेट मुरुडहून. बोलणं थोड्याफार फरकाने एकच. 'मॅडम, पोरगा दिवसभर पुस्तकात डोकं घालून असतो, आणि फंक्शनच्या पाच प्रश्नांत चार चुकलेत. गणित कच्चं आहे का त्याचं? क्लास बदलू का? पनवेलला ठेवू का?' प्रत्येकाशी फोनवर निवांत बोलणं झालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

सगळे पेपर मी पुन्हा काढून बसले होते. आकडेमोड न जमल्यामुळे चुकलेली उत्तरं फार थोडी निघाली. बाकीची मुलांनी प्रश्न वाचतानाच चुकवली होती. लिहिलं होतं एक, त्यांनी वाचलं दुसरं, आणि जे वाचलं ते अगदी बरोबर सोडवलं. या आजाराला क्लास बदलणं हे औषध नव्हे. त्याचं औषध आपल्या किनाऱ्यावर घराघरांत आहे. ते मला कसं सापडलं, ते सांगते.

रेवदंड्याकडची एक मुलगी आहे, वडिलांची बोट आहे. हुशार, पण फंक्शन आलं की तोंड उतरतं. तिच्या पेपरात एक सोपा प्रश्न होता. एफ(एक्स) म्हणजे एक्स वर्ग वजा तीन एक्स, तर एफ(एक्स अधिक एक) किती? तिने लिहिलं, एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक एक. हे उत्तर चार पर्यायांत छापलेलंही होतं. पेपर काढणाऱ्याला ही चूक पाठ असते, म्हणून तो ती मुद्दाम पर्यायांत ठेवतो, आणि मुलाला वाटतं, उत्तर सापडलं. बरोबर उत्तर होतं एक्स वर्ग वजा एक्स वजा दोन.

मी तिला जवळ बसवलं आणि पेपर बाजूला ठेवून विचारलं, 'आज तिथी कोणती गं?'

'षष्ठी.'

'मग भरती कधी?'

'साडेचार.' एका क्षणात.

'आणि उद्याची?'

'सव्वापाच.'

'कशी काढलीस? आजच्या वेळेत एक मिळवलास?'

ती हसली. 'नाही मॅडम. तिथीत एक मिळवला. सात पाऊणे सव्वापाच.'

आणि मग ती गप्प झाली. पेपर स्वतःच ओढून घेतला आणि पेन्सिलीने त्या प्रश्नाखाली कंस काढला. एक्स होता तिथे तिथे कंसात 'एक्स अधिक एक' लिहीत गेली. मला पुढे एक शब्द बोलावा लागला नाही.

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण अलीकडे वाडीतल्या आणि बाजारातल्या घरांतून तो विसरला जातोय. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी तीच वेळ, साधारण रात्रीही तीच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्या मागे भरती येते, आणि पन्नास मिनिटांच्या जागी पाऊण तास धरला की हिशेब तोंडी होतो. नियम ठोकळ आहे, छापील तक्त्याशी थोडा मागेपुढे होतो. पण तुमच्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती, त्यांना घड्याळाआधी भरती कळायची.

गणिताच्या भाषेत हेच फंक्शन. मराठीत फलन म्हणतात, मुलं फंक्शनच म्हणतात. आत एक गोष्ट जाते, ठरलेल्या रीतीने बाहेर एकच गोष्ट येते. आत तिथी, बाहेर वेळ. एफ(एक्स) म्हणजे एक्सची पाऊणपट. एवढी एक ओळ. एफ(६ अधिक १) म्हणजे सप्तमीची भरती, सव्वापाच. एफ(६) अधिक १ म्हणजे षष्ठीच्या वेळेत एक तास, साडेपाच. पंधरा मिनिटांचा फरक. बोटीवरचा माणूस ही चूक करत नाही, कारण त्याला ठाऊक असतं की बदल आत झालाय, बाहेर नाही. त्याचीच मुलगी कागदावर ती करते, कारण कागदावर तिला तिथी दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

त्या दिवसानंतर मी वर्गात सगळं प्रकरण भरतीवरच घेतलं. थोडं तुम्हालाही दाखवते. गणित सुटून वीस-पंचवीस वर्षं झाली असतील तरी घाबरू नका, पाऊणकीपलीकडचं काही यात नाही.

पुस्तकात डोमेन म्हणून शब्द येतो, आणि मुलं तो नुसता पाठ करतात. आपल्या नियमात आत काय घालता येतं? एक ते पंधरा. अठरावी तिथी नसते, म्हणून एफ(१८) ला अर्थ नाही. बस्स, हे डोमेन. परीक्षेत हाच प्रश्न वर्गमूळ घेऊन येतो. वर्गमुळाखाली एक्स वजा दोन आहे, आणि दुसरीकडे छेदात पाच वजा एक्सचं वर्गमूळ आहे, तर एक्स कुठून कुठपर्यंत चालेल? पहिल्यात ऋण संख्या चालत नाही, म्हणून दोन किंवा त्याहून मोठा. दुसऱ्यात शून्यही चालत नाही, कारण ते छेदात आहे, म्हणून पाचपेक्षा लहान. दोन धरून, पाच सोडून. अर्धा वर्ग पाच धरतो आणि दोन गुण जातात. आत काय घालता येत नाही, हे आधी विचारायची सवय लागली की ते वाचतात.

मग येतं फंक्शनच्या आत फंक्शन. कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय, आज द्वादशी. पाऊणकीने भरती नऊला, त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी खाली असेल. दोन पायऱ्या झाल्या. आधी पाऊणपट, मग अधिक सहा. आता क्रम उलटा करा. आधी बारात सहा मिळवले, झाले अठरा, आणि अठराची पाऊणपट करायला गेलो. पण अठरावी तिथीच नाही! मुलांना वर्षभर घोकून जे पटत नव्हतं, की एफ ऑफ जी आणि जी ऑफ एफ ही दोन वेगळी, ते या एका उदाहरणात पटलं. एका मुलाने हिशेबात नसलेलं बरोबर सांगितलं, 'अष्टमीला जाऊ नका मॅडम, भांग असते, पाणी पुरतं हटत नाही.' अगदी खरं. पाऊणकी वेळ सांगते, पाणी किती उतरेल ते सांगत नाही. ते दुसरं फंक्शन.

उलट्या फंक्शनवर तर मी अख्खा तास घालवला, आणि घालवावा असाच तो भाग आहे. एफच्या डोक्यावर लहानसा वजा एक दिसला की मुलं सरळ एक भागिले एफ करतात. चतुर्थीला भरती तीनची. उलटा प्रश्न असा, भरती तीनची आहे तर तिथी कोणती? उत्तर चार. एक भागिले तीन केलं तर येतील वीस मिनिटं, त्याचा तिथीशी काय संबंध? इथपर्यंत मुलं खूश होती. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'पण मॅडम, कुठली चतुर्थी? शुद्ध की वद्य?'

इतका सुंदर प्रश्न मला या विषयात क्वचितच कोणी विचारलाय. महिन्यात चतुर्थ्या दोन, भरतीची वेळ दोन्हींना एकच. पुढे जाताना गोंधळ नाही, मागे येताना आहे. वेळेवरून दिवस ठरत नाही. ठरवायचा तर आधी पक्ष ठरवून घ्यावा लागतो. बारावीत साइन इन्व्हर्सचं उत्तर वजा नव्वद ते नव्वद अंशांतच का घ्यायचं, हे आजवर मी 'तसा नियम आहे' म्हणून शिकवत आले. अनेक कोनांची साइन एकच असते, म्हणून आधी एक पट्टा ठरवतात. पक्ष ठरवतात तसा. मला हे इतक्या वर्षांनी त्या मुलामुळे सांगता आलं.

पुढे आणखी दोन गोष्टी हाताशी लागल्या. एक एसटीची. तिचं तिकीट टप्प्याने, टप्पा सहा किलोमीटरचा. सात किलोमीटर गेलात काय आणि बारा गेलात काय, दोन टप्प्यांचंच भाडं. आलेख काढला की जिना दिसतो. सीईटीत आणि जेईईत चौकोनी कंसातला एक्स येतो त्याचा आलेखही जिन्यासारखाच, फक्त तो वर न चढता खालच्या पायरीवर थांबतो. २.७ चा दोन. इथे सगळे बरोबर. वजा २.३ चा मात्र बहुतेक जण वजा दोन लिहितात. मी त्यांना राजपुरीच्या धक्क्याच्या पायऱ्या आठवायला सांगते. पाणी दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे, आपल्याला पाण्याखालची पायरी हवी. वजा दोन आणि वजा तीनच्या मध्ये असाल तर खालची वजा तीन.

दुसरी गोष्ट आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे आली. मुलं रोज तिच्यावरून जातात. पृथ्वीच्या चुंबकत्वाची रेष तिथे सतत उमटत असते. त्या रेषेवर कुठेही पट्टी उभी धरा, ती एकदाच कापली जाते, कारण एका क्षणी वाचन एकच. आलेख फंक्शनचा आहे की नाही हे ओळखायची पुस्तकातली कसोटी हीच. आपल्या गावाला शंभरहून अधिक वर्षं हे काम चाललंय, याचा मुलांना अभिमान वाटावा असं मला फार वाटतं.

आता परीक्षेबद्दल, कारण तुमची खरी धास्ती तिची आहे.

सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त. त्यांतले साधारण १० प्रश्न अकरावीवरचे, ४० बारावीवरचे. फंक्शन हे अकरावीच्या नेमलेल्या प्रकरणांत आहेच, पण त्यावरचा एखाद-दुसरा प्रश्न सोडून देऊ असा हिशेब कोणी मुलांच्या डोक्यात भरवत असेल तर तो काढून टाका. लिमिट, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळी याच पायावर उभी आहेत. जेईई मेनला गणिताचे प्रश्न २५, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. सीईटीत चुकीला वजाबाकी नाही. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि जेईईत अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. दोन्ही देणारी मुलं या सवयींची सरमिसळ करतात. आठवण करून देणं एवढं काम तुम्ही घरी नक्की करू शकता.

वेळ वाचवायची एक रीत मी शिकवते, ती तुमच्यापुढे ठेवते, म्हणजे मूल 'ट्रिक' म्हणून काय करतंय ते कळेल. समजा एफ(एक्स) म्हणजे तीन एक्स अधिक दोन, भागिले दोन एक्स वजा तीन. एफ ऑफ एफ ऑफ एक्स किती? सगळं मांडत बसलं तर दीड मिनिट जातं. त्याऐवजी एक्सच्या जागी दोन घाला. वर आठ, खाली एक, उत्तर आठ. तो आठ पुन्हा आत घाला. वर २६, खाली १३, उत्तर दोन. दोन घातले, दोन परत आले. पर्यायांत एक्स, एक भागिले एक्स, एक्स वर्ग आणि वजा एक्स असतील तर उत्तर एक्स. इथेच मूल सोपं म्हणून एक घालतं आणि फसतं, कारण एकचा वर्गही एक आणि एक भागिले एकही एक, तीन पर्याय सारखेच दिसतात. म्हणून दोन घाला, तीन घाला; शून्य आणि एक टाळा. पण ही रीत अर्थ कळलेल्याच्या हातात चालते. एफ ऑफ एफ म्हणजे काय तेच कळलं नसेल तर मूल आठाचा वर्ग करून चौसष्ट लिहून मोकळं होतं. असा पेपर मी याच वेळी तपासलाय.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांना आणखी एक सांगायचंय. सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचा पेपर मराठीतून घेता येतो, जेईई मेनही २०२१ पासून मराठीतून देता येते, पण सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. तुमच्या मुलाची अडचण कित्येकदा गणिताची नसते, 'रिस्पेक्टिव्हली', 'ॲट लीस्ट', 'ओन्ली इफ' असल्या शब्दांची असते. त्याला प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत सांग म्हणा. त्याला मराठीत सांगता आलं तर त्याला प्रश्न कळला. हे करायला तुम्हाला गणित यायची गरज नाही. 'आत काय जातंय? बाहेर काय येतंय?' एवढेच दोन प्रश्न विचारत राहा, जेवताना, जाळं विणताना, सुपारी सोलताना, कधीही.

आणि 'किती आले?' हा प्रश्न थोडे दिवस बंद ठेवा. विशेषतः पर्सेंटाइलवरून. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. नव्वद पर्सेंटाइलवाल्याला शंभरात नव्वद गुण पडलेले नसतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, पेपर वेगळे असतात, म्हणून सकाळच्या सत्रात १२० गुण मिळवणारा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२० मिळवणारी, दोघांचे पर्सेंटाइल वेगळे येऊ शकतात. आत एकच आकडा, बाहेर दोन. म्हणजे सत्र सांगितल्याशिवाय ते फंक्शनच नाही! मामेबहिणीच्या गुणांशी आपल्या मुलीचे गुण ताडून जेवणाच्या ताटावर जे बोललं जातं, त्याला गणिताचाही आधार नाही, हे मी कळकळीने सांगते.

या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं. आज अकरावी-बारावीत असलेली मुलं तेव्हा सहावी-सातवीच्या आसपास होती. शाळा आधीच करोनाने बंद. वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मग ऑनलाइन वर्ग कुठला? अक्षराच्या जागी संख्या घालायची, कंस सोडवताना वजा चिन्ह सांभाळायचं, हे ज्या वयात हाताला वळण म्हणून लागतं, त्या वयात ही मुलं पडलेल्या पोफळी ओढत होती, कौलं गोळा करत होती. तेव्हा तुम्ही वाड्या पुन्हा उभ्या केल्यात, रोपं लावलीत, आणि सुपारीला वेळ दिलात. तसाच वेळ मुलांनाही द्या. कंसातलं वजा चिन्ह चुकलं म्हणून त्या मुलाला 'ढ' म्हणू नका. सातवी-आठवीचं पुस्तक आणून रोज दहा उदाहरणं, एवढ्याने ते भरून येतं. मी भरून आलेलं पाहिलंय.

पनवेलला किंवा आणखी लांब ठेवावं का, याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. ज्या मुलाला जायचंय आणि ज्याच्या घरी झेपतंय, त्याने जावं. पण केवळ फंक्शनचे चार प्रश्न चुकले म्हणून पाठवू नका, आणि कर्ज काढून तर नकोच. सीईटीची वाट आपल्या जिल्ह्यातल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातही जाते. १९८९ पासून ते तिथे आहे, आणि इथल्याच वाड्यांतली, कोळीवाड्यांतली मुलं तिथून शिकून बाहेर पडली आहेत.

रेवदंड्याच्या त्या मुलीच्या वडिलांचा परवा फोन आला होता. मला वाटलं, गुणांबद्दल विचारतील. ते म्हणाले, 'मॅडम, पोर रोज माझ्या बापासमोर बसून पाऊणकी म्हणवून घेते. म्हातारा पंधरापर्यंत म्हणतो, आणि ती विचारते, आज्या, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी एकदम पाऊण कसा? मधला पाऊण तास गेला कुठे?' रोजची थोडी थोडी तूट साचते आणि पक्ष बदलला की एका उडीत भरून निघते. या उडीला पुस्तकात डिसकंटिन्युइटी म्हणतात, ते प्रकरण आम्ही पुढच्या आठवड्यात घेणार आहोत. तिचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय, धडा त्यावरूनच सुरू करीन.

पालकसभा येत्या शनिवारी आहे. दशमी आहे, भरती साडेसातची. बोटी लागून, मासळी उतरवून, आवरून यायला वेळ मिळावा म्हणून साडेदहाची वेळ ठेवलीये. घरात पाऊणकी येणारे आजोबा-आजी असतील तर त्यांनाही घेऊन या, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवते.

तुमची,
गणिताची मॅडम